क्लचमधल्या तीन बेडक्या

क्लच ही वस्तू आयुष्यभर माझ्या डाव्या पायाखाली होती आणि तिथे ती सुखात होती. मीही होतो. ती उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवावी, तिचे अवयव मोजावेत आणि एकेकाचं इंग्रजीत बारसं करावं, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी इंग्रजीचा मास्तर. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, शिवाय मी कोर्टाचा शपथ घेतलेला भाषांतरकार आहे. जन्माचे दाखले, घटस्फोटाचे हुकूम, एकदा तर परदेशी निघालेल्या एका घोड्याचं प्रकृतिपत्रकसुद्धा मी इंग्रजीत केलं आहे. त्या घोड्याबद्दल आजवर कुणाची तक्रार आलेली नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्रिफुन आला. त्रिफुन माझा कूम. म्हणजे माझ्या लग्नात माझ्या शेजारी साक्षीला तो उभा होता आणि पुढे माझ्या मुलीचं नावही त्यानंच ठेवलं, आम्हाला न विचारता. कूमला 'नाही' म्हणता येत नाही. डॉक्टरला म्हणता येतं, बायकोला वर्षातून एकदा म्हणता येतं, कूमला नाही. इथे सर्बियात, मोरावा नदीच्या काठी त्याचं ट्रॅक्टरचे क्लच बनवण्याचं वर्कशॉप आहे. त्यानं बगलेतली आठ पानं टेबलावर ठेवली, रकियाचा, म्हणजे आमच्या फळांच्या दारूचा, छोटा ग्लास एका घोटात रिकामा केला आणि म्हणाला, "कूम, हे इंग्रजीत करून दे."

"काय आहे हे?"

"क्लच कसा बसवायचा त्याची माहिती. स्कॉटलंडची पार्टी आहे. जुने ट्रॅक्टर दुरुस्त करून विकतात. चारशे क्लच मागतायत. पण म्हणतात, माहिती इंग्रजीत धड असेल तर घेऊ, नाहीतर दुसरीकडे बघू." मग रिकाम्या ग्लासात बघत तो हळूच म्हणाला, "एकोणीस माणसं आहेत माझ्याकडे, स्वेतोझार. हे काम हातचं गेलं तर मार्चमध्ये दाराला कुलूप. तुला क्लचमधलं कळतं ना?"

इथे मी 'नाही' म्हणायला हवं होतं. एवढासा शब्द. पण 'माहीत नाही' म्हणणाऱ्या पोरांना मी एकतीस वर्षं बाकावर उभं केलेलं; तो शब्द माझ्याच तोंडून कसा निघणार? मी मान थोडी वर केली आणि म्हणालो, "त्रिफुन, मी शपथ घेतलेला भाषांतरकार आहे." या वाक्याचा क्लचशी काडीचाही संबंध नव्हता. पण त्रिफुनचा जीव भांड्यात पडला, त्यानं रीतीप्रमाणे माझे तीन मुके घेतले आणि एकोणीस माणसांची काळजी माझ्या टेबलावर टाकून तो निघून गेला.

मी पानं वाचायला घेतली. त्रिफुन बोलतो तसाच लिहितो, म्हणजे समोरच्याला सगळं ठाऊक आहे असं धरून. 'टोपली घ्या. चकती ठेवा. टोपली आवळा, पण उगाच नाही. तिन्ही बेडक्या जुळवा. जुळल्या की जुळल्या.' आठही पानं अशीच. मी कपाटातून तीन शब्दकोश काढले. पहिला वाफेच्या इंजिनांच्या काळातला. त्यात क्लच म्हणजे कोंबडीनं एका वेळी उबवलेली अंडी. दुसऱ्यात या भागांना सरकारी नावं होती, एकेक नाव पाच-पाच शब्दांचं, आणि ती नावं वर्कशॉपमध्ये कुणी उच्चारली असती तर लोकांनी त्याला पाणी देऊन खाली बसवलं असतं. तिसरा सचित्र होता. त्यात ट्रॅक्टरचं चित्र होतं, आतून नव्हे, बाहेरून.

तरीही दोन दिवसांत मी पहिला खर्डा तयार केला आणि भाषेच्या दृष्टीनं तो निर्दोष होता, हे आजही छातीठोकपणे सांगतो. रुझित्सा, माझी बायको, थोडंफार इंग्रजी वाचते; बोललेलं मात्र तिला कळत नाही. तिनं चष्मा लावून सातवा परिच्छेद वाचला.

"'टोपलीवर तीन लहान बेडक्या बसवाव्यात आणि त्यांचं एकमत होईपर्यंत वाट पाहावी,'" ती म्हणाली. "स्वेतोझार, हे त्या स्कॉटलंडच्या लोकांना पाठवणार तू?"

"तांत्रिक भाषा आहे ती."

"बेडक्या जिवंत हव्यात की कशा, तेही लिही मग."

माझा अपमान झाला. पण अपमान झाला म्हणून बेडकी म्हणजे काय ते कळत नाही. आता सरळ त्रिफुनला फोन करून विचारणं हा एक मार्ग होता, आणि त्यात माझी अब्रू जात होती. म्हणून मी दुसरा मार्ग पत्करला आणि त्यात अब्रू तर गेलीच, शिवाय लिफ्टही गेली.

झालं असं, की खालच्या मजल्यावरच्या ग्वोझ्देनला मी जिन्यात सहज विचारल्यासारखं विचारलं. ग्वोझ्देन निवृत्त बस ड्रायव्हर. अडतीस वर्षं त्यानं बस चालवली आणि त्यानंतर रक्तदाब, द्राक्षवेली, घटनादुरुस्ती अशा सर्व विषयांवर तो सल्ला देतो. सल्ला मागावा लागत नाही हा त्याचा मोठा गुण. आमच्याकडे शाळेच्या मास्तरालाही प्रोफेसर म्हणतात, तसा तो मला म्हणतो.

"प्रोफेसर," तो म्हणाला, "क्लच काय कागदावर कळतो होय? तो हातात घ्यावा लागतो. तुम्ही थांबा, मी बघतो." आणि मी 'अहो, राहू द्या' म्हणेपर्यंत त्यानं परस्पर त्रिफुनला फोन लावला. "प्रोफेसरांना नमुना हवाय. नुसता क्लच नको, फ्लायव्हीलसकट पाठवा. हो, हो, त्यांना सगळं कळतंच, पण बारकाईनं काम करतात ना ते."

तासाभरात त्रिफुनची गाडी दारात. फ्लायव्हील म्हणजे ओतीव लोखंडाचं जाडजूड चाक, एकट्या माणसानं उचलू नये असं. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. त्रिफुन, ग्वोझ्देन, मी आणि तो क्लच असे चौघे लिफ्टमध्ये शिरलो आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टनं एक उसासा टाकला आणि ती थांबली. पुढची चाळीस मिनिटं आख्खी इमारत बाहेरून सूचना देत होती. कुणी म्हणे उड्या मारा, कुणी म्हणे अजिबात हलू नका. पहिल्या मजल्यावरच्या बाई सारख्या विचारत होत्या, "पण प्रोफेसर, तुम्ही घरात ट्रॅक्टर कशाला नेताय?" शेवटी मेकॅनिक आला. त्यानं आम्हाला एकेक करून वर ओढलं आणि मला म्हणाला, "या वयात, प्रोफेसर?"

अखेर क्लच आमच्या जेवणाच्या टेबलावर विराजमान झाला, सासूबाईंनी क्रोशानं विणलेल्या टेबलक्लॉथवर. मी प्रत्येक भागावर कागदाची चिठ्ठी चिकटवली, एका ओळीत वर्कशॉपचं नाव, दुसऱ्या ओळीत प्रश्नचिन्ह. टोपली म्हणजे चकती दाबून धरणाऱ्या प्लेटचं झाकण निघालं. बेडक्या म्हणजे त्यावरच्या तीन लोखंडी पट्ट्या, बसलेल्या बेडकीसारख्या पाय दुमडून. निदान जिवंत नव्हत्या, एवढं तरी निश्चित झालं.

मध्येच शिक्क्याचं उपटलं. त्रिफुनच्या कागदपत्रं बघणाऱ्या माणसानं सांगितलं, शपथ घेतलेल्या भाषांतरकाराचा गोल शिक्का हवा. मी डब्यातून शिक्का काढला, एका कागदावर उठवला आणि पाहतो तर त्यावर ज्या देशाचं नाव होतं तो देश आता राहिलेला नाही. गेल्या तीन वर्षांत मी फक्त एका घटस्फोटाला तो शिक्का मारला होता आणि तिथे कुणी वर-खाली बघितलं नव्हतं. मी शिक्के देणाऱ्या सरकारी कचेरीत गेलो. चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी शिक्का हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"हा देश नाहीये."

"मला ठाऊक आहे बाई, मी त्यातच राहत होतो."

"मग नवा शिक्का करा. पण आधी हा नष्ट केल्याचा दाखला लागेल."

"मी आत्ता तोडतो तुमच्यासमोर."

"तुम्ही नाही तोडायचा," बाई दचकून म्हणाल्या. "तीन सदस्यांची समिती तोडते. समिती गुरुवारी बसते."

"मग येत्या गुरुवारी."

"एक सदस्य निवृत्त झालेत. दुसरे नेमले की गुरुवारी." त्यांनी शिक्का मला परत दिला आणि वर बजावलं, की तो कुठेही वापरायचा नाही आणि कुणी मागितला तर हरवायचाही नाही. मी तसाच घरी आलो आणि तो शिक्का टेबलावर क्लचशेजारी ठेवून दिला. दोघांचंही काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

या सगळ्यात एकोणीस डिसेंबर उजाडला. संत निकोलसचा दिवस, आमच्या घरची स्लावा, म्हणजे घराण्याच्या रक्षक संताचा सण. स्लावेला बोलावणं नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि सगळ्यांनाच यायचं असतं. रुझित्साचं म्हणणं, क्लच उचला. माझं म्हणणं, चिठ्ठ्या हलल्या तर दोन आठवड्यांची मेहनत पाण्यात. शेवटी तह झाला. क्लच मधोमध राहिला आणि त्याच्या भोवतीनं मेणबत्ती, स्लावेची पोळी, उकडलेल्या गोड गव्हाची वाटी, भाजलेला मासा आणि भट्टीतल्या घेवड्याचं भांडं अशी मांडणी झाली. उपासाचा दिवस, त्यामुळे मांस नाही. लोखंडाबद्दल धर्मात काही सांगितलेलं नाही. सकाळी धर्मगुरू आले, त्यांनी प्रार्थना म्हणत सर्वांवर पवित्र पाणी शिंपडलं आणि क्लचही त्यातून सुटला नाही. गंज चढेल म्हणून रुझित्सा फडकं घेऊन मागे धावली.

दुपारपर्यंत घर भरलं. क्लच पाहून एकही पाहुणा चकित झाला नाही; आमच्याकडे प्रत्येक पुरुषाला क्लचबद्दल मत असतं. ग्वोझ्देन तर घरच्यासारखा सूत्रं हाती घेऊन उभा.

"प्रोफेसरांचं भाषांतर बरोबर की चूक हे कसं कळणार?" तो म्हणाला. "ते वाचतील, आम्ही बसवू. बसला तर बरोबर."

मी इंग्रजी खर्डा घेतला आणि त्यावरून सर्बियनमध्ये वाचत गेलो. चार जण बाह्या सरसावून पुढे झाले. चकती नीट मध्यावर यावी म्हणून आत दांडा घालावा लागतो. ग्वोझ्देननं रुझित्साचं लाटणं आणलं, त्याला वर्तमानपत्र गुंडाळलं आणि घातलं. टोपली बसली, स्क्रू आवळले गेले, 'पण उगाच नाही' एवढे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा ऊर भरून आला. चौतीस वर्षांच्या संसारात रुझित्सानं माझ्याकडे कौतुकानं पाहण्याचे प्रसंग मोजके, त्यातला हा एक.

आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात त्रिफुन, नवा सूट घालून, घामाघूम. आणि त्याच्यामागे उंच, लाल नाकाची, जाड बुटांची एक परदेशी बाई. फिओना मॅकिलरॉय, स्कॉटलंडच्या त्या पार्टीची इंजिनियर. तिनं स्वतःच ठरवलेली तारीख होती आणि पाहुण्याला 'येऊ नका' कसं म्हणायचं म्हणून त्रिफुननं होकार दिला होता. पण वर्कशॉपमधल्या एकोणीसपैकी अकरा जणांच्या घरी आज हीच स्लावा, उरलेले आठ त्यांच्याकडे पाहुणे. कुलूप लावलेलं वर्कशॉप तिला दाखवून तो तिला इथे घेऊन आला होता.

रुझित्सानं तिला घरात घालायच्या चपला दिल्या, गव्हाचा चमचा तोंडात दिला आणि मग तिची नजर टेबलावर गेली. ती सरळ क्लचपाशी आली, वाकली, बोटानं आत चाचपलं आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाली, "चकती उलटी बसवलीय."

मला सोडून कुणाला शब्द कळला नाही, पण त्रिफुननं तिच्या बोटाकडे पाहिलं आणि तो पांढराफटक पडला.

"हे कुणी केलं?" त्यानं विचारलं.

सगळ्यांनी ग्वोझ्देनकडे पाहिलं. ग्वोझ्देननं माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं.

"अडतीस वर्षं बस चालवलीय मी!" ग्वोझ्देन गरजला. "एकदा क्लच जळला नाही!"

"चालवलीस! बसवलास कधी?" त्रिफुन ओरडला. मग माझ्याकडे वळून, "कुठली बाजू कुठे, ते लिहिलं नाही तू?"

"तूच लिहिलं नाहीस."

"ते काय लिहायचं? सगळ्यांना माहीत असतं!" तो हातवारे करत होता, पण आवाज चिरकला होता. "कूम, ऐक. तिला सांग, पाहुण्यांनी गंमत केली. सांग, आमच्याकडे शेंबड्या पोरालासुद्धा क्लच बसवता येतो. सांग लवकर."

फिओना माझ्याकडे बघत होती. त्या खोलीत तीसेक माणसं होती आणि दोन्ही भाषा येणारा मी एकटा. मी म्हणेन ते खरं होणार होतं. गंमत म्हणालो असतो तर माझी अब्रू वाचली असती, त्रिफुनची वाचली असती, आणि स्कॉटलंडमध्ये चारशे ट्रॅक्टर माझ्या निर्दोष इंग्रजीच्या भरवशावर उलटे क्लच घालून उभे राहिले असते. पुढच्या वर्षी एकोणीस माणसांना कुणी विचारलं नसतं. खरं सांगतो, मला भीती वाटली, आणि लाजही वाटली.

मी इंग्रजीत म्हणालो, "मला माहीत नाही. चकतीला दोन बाजू असतात हे मला आत्ता कळलं. मी आयुष्यात क्लच बसवलेला नाही. या भागांची नावं मला येत नाहीत, आणि ती विचारायची लाज वाटली म्हणून मी यांना विचारलं नाही. चूक यांच्या वर्कशॉपची नाही, माझी आहे."

"काय सांगितलंस?" त्रिफुननं विचारलं.

मी त्याला शब्दन् शब्द सांगितला, पाहुण्यांसमोर, रुझित्सासमोर. त्रिफुन खुर्चीवर बसला. ती खुर्ची नेमकी मोडकी होती, पण तेव्हा कुणी हसलं नाही.

फिओनानं खर्डा उचलला आणि वाचायला घेतला. सातव्या परिच्छेदाशी तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं संपलं सगळं. तिनं डोळे पुसले.

"मागच्या वर्षी एकांकडून साठ क्लच घेतले," ती म्हणाली. "माहितीपत्रक देखणं होतं. अकरा गिऱ्हाइकांनी चकती उलटी बसवली, कारण बाजू त्यातही लिहिली नव्हती. तुम्ही खरंच कधी बसवलेला नाही?"

"नाही."

"मग तुम्हीच लिहा. हे गृहस्थ दाखवतील आणि तुम्ही तुम्हाला कळेपर्यंत विचारा. मला असाच माणूस हवाय."

माझ्या अज्ञानाला आजवर कुणी एवढा मान दिला नव्हता. मी त्रिफुनला ते सांगितलं. त्याचा विश्वास बसेना, म्हणून दोनदा सांगितलं. मग त्यानं सूट काढून ठेवला.

पुढच्या चार तासांत, ज्याच्याबद्दल मी शंका विचारली नाही असा एकही स्क्रू राहिला नाही. कुठली बाजू? का? 'उगाच नाही' म्हणजे किती? त्रिफुन प्रत्येक वेळी कपाळाला हात लावी आणि सांगे. बेडक्या किती उंचीवर जुळवायच्या असं विचारलं तेव्हा त्यानं खिशातून आलुबुखारच्या लाकडाची एक झिजलेली कांडी काढली. वडिलांपासून चालत आलेली, याच मापानं आजवर सगळे क्लच निघाले. रुझित्सानं स्टीलची पट्टी आणली, फिओनानं कांडी मोजली आणि मिलिमीटर लिहून घेतले. तिनं भागांची तिच्या वर्कशॉपमधली नावंही सांगितली. त्यांच्याकडे बेडक्या नाहीत, बोटं आहेत. ऐकून ग्वोझ्देनला वाईट वाटलं. परीक्षेला आम्ही त्यालाच बसवलं. मी वाचायचं, त्यानं बसवायचं. तिसऱ्या खेपेला चकती सुलटी बसली, बेडक्या एका पातळीत आल्या, आणि टेबलाचा एक पाय मोडला. शिक्का कुठे गडगडत गेला कुणास ठाऊक. फिओनाला मी घाबरत घाबरत शिक्क्याबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, शिक्का कशाला लागतो? मी तो प्रश्न खोलीत सगळ्यांना विचारला. कुणालाच सांगता येईना.

आठ पानांची तेवीस पानं झाली. फिओनानं माशाचा दुसरा तुकडा घेतला, रकियाला तिसऱ्यांदा हो म्हटलं आणि त्रिफुनचा हात हातात घेतला. "चारशे. मेच्या आत." हे मी सर्बियनमध्ये सांगितलं, या वेळी न विचारताच दोनदा.

पाहुणे पांगले. फिओना बाई जिन्यानं खाली गेली. लिफ्टला आम्ही कुणीच हात लावला नाही. त्रिफुन तिच्यामागे निघाला आणि दारात थांबला. टोपी हातात घेऊन तो चौकटीकडे बघत उभा राहिला.

"कूम," तो म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं."

"सांग."

"म्हणजे आज तू जे केलंस... आणि इतकी वर्षं, म्हणजे... जाऊ दे. तुला माहीतच आहे."

"नाही," मी म्हणालो. "मला माहीत नाही. सांग."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, एक मोठा श्वास घेतला आणि सांगितलं. एकही पायरी गाळली नाही.